भूलतज्ज्ञांनी विचारलं "काय काय घेता?" आणि मी म्हणालो, "बीपीची एक गोळी"

रंकाळ्याचा कठडा (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

वय ४७, उंची १६८ सेंमी, वजन ९८ किलो. बीएमआय ३४.७. आपल्या लोकांत २५ पासूनच लठ्ठ धरतात (गोऱ्यांना ३० पर्यंत सूट आहे), त्यामुळे मी वेशीच्या बराच आत आहे. बेंबीपाशी हर्निया झालाय आणि ऑपरेशन ठरलं. त्याआधी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंकडं तपासणी असते, तिथं गेलो.

त्यांनी विचारलं, "रोजची औषधं कुठली?"

"बीपीची एक. आणि सकाळी थायरॉईडची. बस्स."

शेजारी आमची मंडळी बसलेली. "अहो, आणि फ्रीजवरचं ते डबं? ते काय मी खातोय व्हय?"

मी म्हणालो, ते औषध नाही, पावडरी-कॅप्सूल आहेत, ताकदीच्या. बाईंनी पेन खाली ठेवलं. "उद्या सगळं एका पिशवीत भरून आणा. ताकदीचंसुद्धा."

दुसऱ्या दिवशी भाजीची नायलॉनची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. एक डबी घरंगळत खाली गेली, ती कंपाउंडरनं उचलून दिली. मोजले तर तेरा नग! दोन डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या दोन, हाडाच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी दिलेला कॅल्शियम आणि डी३, आणि बाकीचे नऊ माझे मीच. बाई एकेक डबा उचलून विचारत होत्या, "हे कुणी सांगितलं?" सांगताना मलाच लाज वाटायला लागली. शेकची पावडर रंकाळ्यावर सकाळी 'फुकट वजन तपासणी'चं टेबल मांडून बसणाऱ्यांनी. ग्रीन टीच्या कॅप्सूल भाच्याच्या जिममधल्या पोरानं. माशाचं तेल दुबईच्या मेव्हण्यानं. मेदोहर गुग्गुळ शेजारच्या काकूंनी, त्यांना गुण आला म्हणून. केस गळायला लागले तेव्हा बायोटिन सलूनवाल्यानं. आणि गार्सिनिया कुणीच सांगितलं नव्हतं, ते मी रात्री दीड वाजता मोबाईलवर मागवलं.

गार्सिनियाची गंमत ऐका. बाई म्हणाल्या, हे केरळात माशाच्या कालवणात घालतात ते आंबट फळ, आपल्या कोकमाचं भावंड. झालं! घरी येईपर्यंत रिक्षात एकच विषय. "आमसुलाला अठराशे रुपये घातलं तुम्ही?"

पण खरा घोटाळा बायोटिनचा. सहा महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) एकदम कमी आला, म्हणजे थायरॉईडची गोळी जास्त होतीय असं दिसलं. डॉक्टरांनी १०० ची गोळी ५० वर आणली. रिपोर्टप्रमाणं बरोबरच केलं त्यांनी. पण त्यानंतर मी पार ढेपाळलो. थंडी वाजायची, पोट साफ होईना, दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवायचो. वजन चार किलो वाढलं. मग वजन वाढलं म्हणून ग्रीन टी दोनाच्या चार केल्या.

भूलवाल्या बाईंनी डबी उलटी करून वाचली. बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. अंगाला रोज लागतं ३०-४०. म्हणाल्या, थायरॉईडच्या काही तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, रक्तात ते जास्त झालं की मशीन फसतं, टीएसएच खोटा खाली दाखवतं. आठवडाभर डबी बंद ठेवून परत रक्त दिलं. टीएसएच १४! म्हणजे गोळी उलट कमी पडत होती.

ऑपरेशन पुढं गेलं. गोळी परत १०० वर. आता वाट बघणं चालू.

तर प्रश्न असा, की तुमच्या फ्रीजवर काय काय आहे? आणि ते तुमच्या डॉक्टरला माहीत आहे का?

---

शेवकांदालिंबू · रविवार, रात्री ११.०५

आमसुलाला अठराशे 😂 वहिनींना दंडवत.

सविस्तर उद्या लिहिते. माझ्याकडं इंजेक्शनची गोष्ट आहे.

---

लाल माती · सोमवार, सकाळी ६.१०

भावा, नाद खुळा लिवलंयस. आमचं ऐक आता.

मी तालमीतला. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं दूध धारेचं प्यायचं, बदामाची थंडाई, वर जोर-बैठका. तवा ९० किलो होतो पण पोट नव्हतं. तालीम सुटली, खुराक न्हाई सुटला. आज ११८. गुडघं गेलं. कुणीतरी म्हणलं, अमुक गावच्या बाजारात एक माणूस सांधेदुखीची पुडी देतोय, जडीबुटीची. पहिल्या दिवशीच चमत्कार! जिना पळत चढलो. भूक अशी लागायची की काय सांगू. तीन म्हैन्यात तोंड पुरणाच्या पोळीवाणी फुगलं, पोटावर जांभळं पट्टं उठलं, साखर २८० लागली.

डाक्टर म्हणलं, ह्यात स्टेरॉइड असणार. मी रागानं म्हणलं आजच फेकतो गटारीत. तर ते वराडलं, "एकदम बंद करू नका!" म्हणं शरीराचं सोताचं स्टेरॉइड बनवायचं बंद झालेलं असतंय, एकदम तोडलं तर माणूस चक्कर येऊन पडतोय, जीवावर बेततंय. मग त्यांनी साध्या स्टेरॉइडच्या मोजलेल्या गोळ्या दिल्या आणि चार म्हैन्यात हळूहळू उतरवलं.

वजन कमी करायला निघालो आणि पंधरा किलो वाढवून बसलो. पुडीवर नाव न्हाई, गाव न्हाई, पेपरात बांधलेली. कुणाला धरायचं?

---

औषधवाला राजारामपुरी · सोमवार, दुपारी ३.२०

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून वाचतोय. मी वीस वर्षं काउंटरला आहे, दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक म्हणजे डी३ चं ६०,००० युनिटचं पाकीट. ते आठवड्याला एक असतं. गेल्या वर्षी एक काका महिन्यात चौथ्यांदा घ्यायला आले. मी विचारलं, एवढी कशाला? म्हणाले, रोज रात्री दुधातून घेतो, मस्त लागतं. दीड महिना रोज! उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, आणि ते समजत होते पित्त वाढलंय. त्यांना तसंच डॉक्टरकडं पिटाळलं, कॅल्शियम वाढलेलं निघालं, भरती करावं लागलं. आता यात एक गोम अशी, की लठ्ठ माणसाला डी जीवनसत्त्वाचा डोस खरंच जास्त लागतो, दुप्पट-तिप्पटही. ते चरबीत विरघळतं आणि तिथंच अडकून बसतं, रक्तात कमी दिसतं. त्यामुळे "मला काय होत नाही" म्हणून लोक घेत राहतात. पण ते किती, हे रक्त तपासून ठरवायचं, चवीवर नाही.

दुसरं, लेबल. गोळ्यांच्या पत्त्यावर (स्ट्रिपवर) उभी लाल रेघ असली की ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर असेल तर कायद्यानं ते अन्न आहे, औषध नव्हे. आणि त्या डब्यांवर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं असतं. पुढच्या बाजूला सुटलेलं पोट आणि सपाट पोट, मागच्या बाजूला हे वाक्य. १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींचा. ज्या आजारांवर 'बरा करतो' अशी जाहिरात करायला बंदी आहे त्या यादीत लठ्ठपणा आहे. सत्तर वर्षं आहे. तुम्ही रोज किती जाहिराती बघता ते तुम्हीच मोजा.

धागाकर्ते, ग्रीन टीच्या कॅप्सूल चार म्हणालात. चहा पिणं वेगळं आणि अर्क वेगळा. दिवसाला त्यातलं मुख्य द्रव्य ८०० मिलिग्रॅम किंवा त्यापुढं गेलं की यकृताचे आकडे वाढलेले दिसतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्येच सांगितलंय. गार्सिनियाचंही नाव यकृताच्या बाबतीत आलेलं आहे, आणि वजनात फरक म्हणाल तर प्रयोगांत मिळून किलोभराच्या आतच. तुमची एसजीपीटी (यकृताची तपासणी) केली का?

---

रंकाळ्याचा कठडा · सोमवार, दुपारी ४.०२

केली. ९६. बाईंनी दोन्ही डबे बंद करायला लावले, महिन्यानं परत बघणार आहेत. हे लिहायचं राहिलं. (राहिलं म्हणजे, बायको वाचते हा धागा.)

---

कळंब्याची कविता · सोमवार, रात्री ९.१५

मला पीसीओडी, मेटफॉर्मिन (साखरेवरची गोळी) चालू आहे सात वर्षं. त्याच्या जोडीला जिऱ्याचं पाणी, सब्जा, ॲपल सायडर व्हिनेगर, सगळं झालं. व्हिनेगरनं दातांची वाट लागली, गार पाणी लागलं की झिणझिण्या. त्यानं वजन उतरतं असा मोठा गाजावाजा झालेला २०२४ चा एक अभ्यास पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकानं मागं घेतला, हे दात गेल्यावर वाचलं.

पण मुख्य सांगायचं ते वेगळं. लग्नाआधी (म्हणजे दहा वर्षांपूर्वी) मैत्रिणीनं 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूल दिल्या होत्या, परदेशातून आलेल्या. भूकच मेली. तीन आठवड्यांत पाच किलो. आईला आनंद. मग रात्री झोप येईना, तोंड कोरडं, छातीत धडधड अशी की उशीवर कान ठेवला तरी ऐकू यायचं. बीपी १५०/१००, वय २६! डॉक्टरांनी कॅप्सूल बघितली, वास घेतला, म्हणाले पाल्यापाचोळ्यानं असं होत नाही, यात भूक मारणारं काहीतरी मिसळलंय. तपासायला कुठं पाठवणार? बंद केल्या, महिन्याभरात ठीक झाले, वजन व्याजासकट परत.

अजून एक. मेटफॉर्मिन चालू असणाऱ्यांनी बी१२ तपासा. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, मी समजत होते वजनामुळं. बी१२ निघालं ११०. माझ्याकडं त्या वेळी पाच डबे होते आणि जे खरंच हवं होतं ते एकाही डब्यात नव्हतं.

---

स्टेथो टांगलेला · सोमवार, रात्री ११.३०

निवृत्त डॉक्टर आहे, त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

कळंब्याची कविता, तुमच्या डॉक्टरांचा संशय रास्त होता. सिब्युट्रामिन नावाची भूक कमी करणारी गोळी होती. हृदयविकार असलेल्यांत झटके आणि पक्षाघात वाढतात असं दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून गेली, २०११ मध्ये आपल्याकडं बंदी आली. बाजारातून गेली म्हणजे जगातून गेली असं नाही. 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ती परदेशातल्या तपासण्यांत अनेकदा सापडली आहे. ज्या हर्बलनं तीन दिवसांत भूक मरते, ते हर्बल नसावं असं मी तरी धरून चालतो.

आता उलट बाजू, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आम्ही डॉक्टरच लिहून देतो त्यातली कितीतरी औषधं वजन वाढवतात. साखरेसाठीचं इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, मनाच्या आजारातलं ओलान्झापिन, झोपेसाठी-दुखण्यासाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, स्टेरॉइड तर आहेच. माणूस एका हातानं हे घेतो आणि दुसऱ्या हातानं वजनाचा डबा विकत घेतो. पण कृपा करून हे वाचून फिट्सची गोळी बंद करू नका! डॉक्टरला एवढंच विचारा की याला वजन न वाढवणारा पर्याय आहे का. पुष्कळदा असतो. विचारल्याशिवाय आम्हालाही सुचत नाही, हे कबूल करतो. ओपीडीत साठ पेशंट बाहेर बसलेले असतात, आम्ही "गोळ्या चालू आहेत ना?" विचारतो, तुम्ही "हो" म्हणता. कुठल्या, ते राहून जातं.

आणि थायरॉईडवाल्यांनी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सकाळच्या गोळीबरोबर गिळू नये. चार तासांचं अंतर ठेवा. बरोबर घेतली तर थायरॉईडची गोळी पोटातच अडकते. चरबी शोषू न देणारं ऑरलिस्टॅट असेल तर त्यालाही तेच चार तास, आणि मल्टिव्हिटॅमिन झोपताना, कारण ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच बाहेर जातात. त्या गोळीवर असताना कटाची आमटी आणि भजी खाऊन एसटीत बसू नका, बाकी समजून घ्या.

---

त्रिफळा · मंगळवार, सकाळी ८.४५

अपेक्षेप्रमाणे गाडी आयुर्वेदावर आलीच. पुडीत स्टेरॉइड घालणारा भामटा, त्याचा दोष आयुर्वेदाला का? केमिकलवाल्या कंपन्यांनी कमी घोळ घातलेत? वरच लिहिलंय की, सिब्युट्रामिन कुणाची देणगी होती?

मी स्वतः वैद्य आहे. गुग्गुळ मीही देतो. पण प्रकृती बघून, पथ्य सांगून, मुदतीपुरता. काकूंना गुण आला म्हणून तुम्ही घेतला, तो गुग्गुळ असेल, आयुर्वेद नव्हे.

---

औषधवाला राजारामपुरी · मंगळवार, दुपारी ३.०५

वैद्यबुवा, शेवटचं वाक्य एकदम पटलं, पहिल्याबद्दल भांडण नाही. फक्त एक भर. गुग्गुळ चालू असताना प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेमसारखी बीपी-हृदयाची गोळी असेल तर ती रक्तात कमी उतरते असं दिसलेलं आहे. तुमच्याकडं येणारा पेशंट बीपीची गोळी सांगतो का?

---

त्रिफळा · मंगळवार, दुपारी ४.३०

खरं सांगू? बहुतेक लपवतात. ॲलोपॅथी चालू आहे म्हटलं तर मी रागवेन असं वाटतं. आणि तिकडं जाऊन माझा काढा लपवतात.

---

लाल माती · मंगळवार, संध्याकाळी ७.००

म्हंजे दोन्हीकडं लपवाछपवी. दोन घरचा पाव्हणा उपाशी.

---

शेवकांदालिंबू · मंगळवार, रात्री १०.५०

कबूल केल्याप्रमाणे इंजेक्शन, भूक मारून वजन उतरवणारं.

टिरझेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि तीन महिन्यांनी वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. माझं वजन १०१, बीपी, झोपेत घोरणं, श्वास अडकणं. डॉक्टरांनी सगळं तपासून, घरात विशिष्ट प्रकारचा थायरॉईडचा कॅन्सर कुणाला होता का, स्वादुपिंडाला सूज आली होती का, हे विचारून टिरझेपटाइड चालू केलं. तेव्हा २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० आणि ५ ची ४,३७५, आठवड्याला एक. म्हणजे ५ वर गेल्यावर महिन्याला साडेसतरा हजार. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "ईएमआय मिळतो काय?"

परिणाम खरा आहे, खोटं बोलणार नाही. डोक्यात चोवीस तास चालू असलेला खाण्याचा रेडिओ बंद झाला. कागलला एका लग्नात पांढऱ्या रश्श्याची वाटी समोर आली, मी, जी दुसऱ्याच्या ताटातला रस्सा ओढून पिणारी बाई, दोन घोट घेऊन बसून राहिले. सासूबाई माझ्या जावेला म्हणाल्या, "हिला काय दिवस गेलंत काय?" (यावरून आठवलं. या इंजेक्शनवर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची. मला हे डॉक्टरांनी सांगितलं, माझ्या ऑफिसातल्या एकीला कुणीच सांगितलं नव्हतं, कारण तिनं ओळखीनं मागवलं होतं.)

सात महिन्यांत १४ किलो. पण मी चूक केली. भूक नाही तर जेवायचंच कशाला, म्हणून दिवस काढले चहा आणि दोन बिस्किटांवर. केस गळाले, जिना चढताना मांड्या थरथरायच्या. चरबीबरोबर स्नायूही गेले होते. इथं मात्र सप्लिमेंटची खरी गरज होती, डॉक्टरांनी बी१२, लोह, प्रथिनं मोजून दिली. अंडी, मटकी, ताक, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची.

मग पैसे संपले, बंद केलं. आठ महिन्यांत नऊ किलो परत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासातही हेच झालं होतं, थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. हे मला आधी कुणी ठळक सांगितलं असतं तर मी सुरू करण्याआधी पासबुक बघितलं असतं.

धागाकर्त्यासाठी: कुणी हे इंजेक्शन घेत असेल आणि ऑपरेशन असेल तर भूलवाल्यांना सांगाच. पोट उशिरा रिकामं होतं, बारा तास उपाशी राहूनही आत अन्न असू शकतं आणि भुलेत ते फुफ्फुसात जाण्याची भीती.

---

लाल माती · मंगळवार, रात्री ११.१५

ताई, जिममधली पोरं ते इंजेक्शनचं पेन म्हणून कायतरी आणाय लागल्यात, अर्धं-अर्धं वाटून घेत्यात.

---

स्टेथो टांगलेला · मंगळवार, रात्री ११.४०

एक पेन दोघांत? सुई बदलली तरी नाही. रक्त मागं पेनात जाऊ शकतं, कावीळ बी-सी, एचआयव्ही सगळं त्यातून पसरतं. त्या पोरांना आजच सांगा, उद्या नको.

---

लाल माती · बुधवार, सकाळी ६.०५

सांगितलं. पैलवानाच्या भाषेत सांगितलं.

---

रंकाळ्याचा कठडा · सात आठवड्यांनंतर

धागा वर काढतोय. टीएसएच ४.१ वर आला, एसजीपीटी ३८, मागच्या गुरुवारी ऑपरेशन झालं. टाके ओढतात, हसवू नका.

आता फ्रीजवर डबे नाहीत, फ्रीजच्या दारावर कागद आहे. बायकोनं पोराच्या वहीतलं पान फाडून, रेघा मारून चिकटवलाय. नाव, किती, कधी, कुणी सांगितलं. तेरातले चार उरले. बीपी, थायरॉईड, डी३ (आठवड्याला एक, रविवार, लाल पेनानं), आणि रात्री इसबगोल, तेही बाकी गोळ्यांपासून दोन तास लांब. 'कुणी सांगितलं' हा रकाना तिनं मुद्दाम रुंद ठेवलाय. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये, दवाखान्यात तोच दाखवतो. वजन ९५.

रंकाळ्यावर फिरायला जाणं चालू होईल पुढच्या महिन्यात. त्या टेबलासमोरून जाताना तोंड पलीकडं, तळ्याकडं करून जायचं असं ठरलंय.

---

शेवकांदालिंबू · दहा मिनिटांनी

अभिनंदन! आणि ती शेकची पावडर? फेकली खरंच?

---

रंकाळ्याचा कठडा · पाच मिनिटांनी

फेकली.

---

रंकाळ्याचा कठडा · वीस मिनिटांनी

मी यांची मिसेस लिहितोय, फोन चार्जिंगला होता म्हणून. अर्धा डबा गाडीच्या डिकीत घावला आत्ता, रेनकोटात गुंडाळून. कागदावर चढवतो.